जॅझचं सोवळं

जॅझ ऐकतो म्हटलं की दोन प्रकारची माणसं अंगावर येतात. पहिला जॅझचा जुना शौकीन. त्याच्याकडे तबकड्यांचं कपाट असतं आणि कपाटाला कुलूप असतं. त्याचं म्हणणं, अस्सल जॅझ अमुक साली संपला, पुढचा सगळा बाजार. सोल, फंक, रॅप ही नावं त्याच्यासमोर काढा, विटाळ झाल्यासारखा मागे सरकतो. दुसरा आपलाच कार्यकर्ता दोस्त. त्याचं म्हणणं, हे हॉटेलातलं संगीत, सुटाबुटातल्यांनी ग्लास हातात धरून ऐकायचं. आपला काय संबंध?

मला विचाराल तर दोघांचा घोटाळा एकच आहे. संगीत आज कुठे बसलंय एवढंच ते बघतात. कुठून उठून आलं ते बघायची तसदी घेत नाहीत. शौकिनाने ते दिवाणखान्यात डांबलं, आणि आपल्या दोस्ताने ते दिवाणखान्याचंच म्हणून लिहून दिलं. म्हंजे डांबणाऱ्याचंच फावलं.

असं लिहून देणं आपल्याला परवडणारं नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून, १९६६ साली ऑकलंडात निघालेल्या संघटनेवरून. त्यांचे लेख वाचले, कविता वाचल्या, भाषांतरं केली. चांगलं केलं. पण गुलामीच्या काळात दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत काळ्याला अक्षर शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता. अशा लोकांचं सगळंच वाङ्मय कागदावर कसं सापडेल? त्यातलं फार मोठं वाङ्मय फुंकलेल्या पितळेत आणि बडवलेल्या कातड्यात आहे. आपण नाव घेतलं, कविता घेतली, कान घ्यायचा राहून गेला.

०००

जॅझ जन्मला न्यू ऑर्लिन्समध्ये. बंदराचं गाव. गोदी, कापूस, साखर आणि माणसांचा लिलाव. काँगो स्क्वेअर नावाच्या मोकळ्या जागेत गुलाम रविवारी जमायचे, ढोल वाजवायचे, नाचायचे. पुढे गुलामी कायद्याने संपली, पण मालकांनी दुसरी व्यवस्था उभी केली. होमर प्लेसी नावाचा माणूस १८९२ साली याच गावात गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसला, त्याला उतरवून पकडलं. १८९६ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वेगळं ठेवायला हरकत नाही, सोयी समान असल्या म्हणजे झालं. वेगळं ठेवलं, समान काही ठेवलं नाही. १९५४ साली शाळांच्या खटल्यात कोर्टाने तोंड फिरवलं, तोवर हा निकाल काळ्यांच्या छातीवर बसून होता.

जॅझ वाढला तो याच निकालाखाली. प्रेतयात्रेत वाढला, मिरवणुकीत वाढला, नाचाच्या अड्ड्यांवर आणि स्टोरीव्हिल नावाच्या वेश्यावस्तीत वाढला. बडी बोल्डनचा कॉर्नेट सगळ्या गावाने ऐकला, पण त्याची एक तबकडी आज कुणाकडे नाही. लुई आर्मस्ट्राँग १९०१ चा. बाप सोडून गेलेला. पोरवयात कोळशाच्या गाडीवर राबला. नववर्षाच्या रात्री पिस्तुलाचा बार काढला म्हणून १९१३ साली त्याला काळ्या पोरांच्या सुधारगृहात धाडलं, तिथल्या बँडमध्ये त्याला कॉर्नेट मिळाला. जॅझचं घराणं कोणतं म्हणून विचारता ना? घ्या, हे घराणं.

म्हणून कुणी मला 'शुद्ध जॅझ' म्हणायला लागला की हसू येतं. लेको, जे जन्मापासून नाचायचं, खायचं-प्यायचं, मढ्यामागून वाजवत जायचं संगीत आहे, त्याला सोवळं नेसवणारे तुम्ही कोण?

०००

सोवळं आलं की राजाही येतो. जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. वाजवणारे पाच आणि पाचही गोरे. नाव काय, तर ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड. 'ओरिजिनल' हा शब्द त्यांनीच आपल्या नावाला चिकटवला. त्यांचा म्होरक्या निक ला रोका म्हातारपणी सांगत सुटला होता की जॅझ गोऱ्यांनीच काढला.

१९३० साली 'किंग ऑफ जॅझ' हा सिनेमा आला. त्यातला राजा पॉल व्हाइटमन. माणूस आडनावासकट गोरा. सिनेमाच्या शेवटी एक भलीमोठी कढई दाखवलीय. युरोपातल्या एकेका देशाचं संगीत तिच्यात ओततात, ढवळतात, आणि त्यातून जॅझ बाहेर पडतो. त्या कढईत आफ्रिका नाही. ज्यांनी रांधलं त्यांचं नावच स्वयंपाकातून पुसून टाकलं.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, म्हणजे काळ्यांच्या वस्तीत, कॉटन क्लब नावाचा अड्डा होता. १९२७ पासून १९३१ पर्यंत तिथे ड्यूक एलिंग्टनचा बँड वाजवायचा. मंचावर काळे, वाढपी काळे, आणि गिऱ्हाईक म्हणून आत फक्त गोरे. वस्ती तुमची, घाम तुमचा, खुर्ची आमची. यावर आपल्या वाचकाला भाष्य लागणार नाही.

तरी एक सांगतो, कारण आपल्यात सरसकट झोडपायची सवय वाढलीय. बेनी गुडमनलाही लोकांनी 'स्विंगचा राजा' केला. तोही गोरा. पण गुडमनने फ्लेचर हेंडरसन या काळ्या संगीतकाराच्या रचना पैसे मोजून घेतल्या, आणि १९३६ साली टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्प्टन या काळ्या वादकांना उघड मंचावर शेजारी बसवलं. तेव्हाच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. त्याची सनई, म्हणजे क्लॅरिनेट, मला आवडते. कातडी गोरी असणं गुन्हा नाही. मुद्दा राज्याभिषेक करणाऱ्यांचा आहे. हेंडरसन जिवंत असताना, त्याच्याच रचनांवर गाजलेला मुकुट गुडमनच्या डोक्यावर बसला.

आणि गल्ला? काळ्यांच्या तबकड्या कंपन्या वेगळ्या मालिकेत काढायच्या. 'रेस रेकॉर्ड्‌स' म्हणायचे. तबकडीलाही वेगळा पाणवठा. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने आपल्या यादीचं हे नाव १९४९ साली बदललं आणि 'रिदम अँड ब्लूज' केलं. बेसी स्मिथ ही ब्लूज गाणारी थोर बाई. तिच्या तबकड्यांनी कोलंबिया कंपनीला भरपूर पैसा मिळवून दिला. तिला मिळायची ठोक बिदागी, विक्रीतला वाटा नाही. १९३७ साली मिसिसिपीत मोटार अपघातात ती गेली. गोऱ्यांच्या दवाखान्याने दारातून परत पाठवली म्हणून मेली, अशी गोष्ट अनेक वर्षं फिरत राहिली. ती खरी नाही, तिला थेट काळ्यांच्या दवाखान्यातच नेलं होतं. खोट्या गोष्टीची गरजही नाही. तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत दगड नव्हता, ही गोष्ट खरी आहे आणि पुरेशी आहे. शेवटी तो दगड बसवायला पैसे दिले ते जॅनिस जॉप्लिन या रॉक गायिकेने आणि वॉनिटा ग्रीन या काळ्या बाईने. जॅझच्या सोवळ्या शौकिनांना तेहेतीस वर्षांत ते सुचलं नव्हतं.

०००

आता लुईकडे येतो, कारण लुईवर आपल्याच माणसांनी खटला भरलाय. आरोप असा की तो गोऱ्यांपुढे दात काढायचा, डोळे फिरवायचा, रुमालाने घाम पुसत विदूषकी करायचा. अंकल टॉम. डिझी गिलेस्पीने त्याला मळ्यावरचा नोकर ठरवलं होतं. माइल्स डेव्हिसलाही ते हसणं सहन व्हायचं नाही. आपल्या पोरांना हा आरोप ऐकताक्षणी पटतो. धन्याला हसवून पोट भरणाऱ्याची चीड आपल्या रक्तात आहे.

चीड असू द्या. पण आधी ऐका. 'वेस्ट एंड ब्लूज', १९२८ सालची तबकडी. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट. खाली ठेका नाही, साथ नाही. पंधरा सेकंदांच्या आत तो माणूस चढतो, वळतो, कोसळत खाली येतो, आणि मगच बँडला आत घेतो. शेवटच्या फेरीत एक उंच सूर धरतो आणि सोडतच नाही. आपला श्वास कोंडतो तरी सोडत नाही. मग त्याच सुराला झिडकारल्यासारखा धडाधड खाली उतरतो. यात लाचारी कुठे ऐकू येते ते मला दाखवा. चेहरा धन्याने विकत घेतला असेल, फुंकर त्याला कधीच मिळाली नाही.

आणि वेळ आली तेव्हा चेहराही बदलला. १९५७ च्या सप्टेंबरात लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या पोरांना शाळेत जाऊ द्यायचं नाही म्हणून गव्हर्नर फॉबसने फौज उभी केली. लुईने पत्रकारापुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला धाडस नसलेला माणूस म्हटलं, फॉबसला अडाणी म्हटलं, आणि सरकारतर्फे रशियाला जायचं साफ नाकारलं. सरकार त्याला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा नमुना म्हणून जगभर मिरवत होतं, त्या काळातली ही गोष्ट. लुइझियानाने काळ्या-गोऱ्यांच्या मिश्र बँडवर बंदी घातली तेव्हा तो आपल्या जन्मगावी वाजवायला गेला नाही. १९५६ पासून १९६५ पर्यंत नाही. गिलेस्पीने १९७९ च्या आत्मचरित्रात लुईबद्दलचं आपलं जुनं मत मागे घेतलं. वंशद्वेषाला आपला आनंद हिरावू न देणं हाच त्या हसण्याचा अर्थ होता, असं त्याला उशिरा उमगलं.

शौकिनांचा लुईवर दुसराच राग. तो म्हणे पुढे बाजारू झाला. १९६४ साली 'हॅलो, डॉली!' गायला आणि बासष्टाव्या वर्षी बीटल्सना पहिल्या नंबरावरून खाली ओढलं. मला ते गाणं 'वेस्ट एंड ब्लूज'च्या जवळपासही वाटत नाही. पण एक म्हातारा काळा माणूस नुसत्या घोगऱ्या आवाजावर अख्ख्या देशाच्या रेडिओचा ताबा घेतो, यात बाटण्यासारखं काय आहे?

०००

चाळिशीच्या दशकात बीबॉप आला. चार्ली पार्कर, गिलेस्पी, थेलोनियस माँक. वेग असा की नाचणाऱ्याचे पाय अडखळावेत. समीक्षक म्हणाले, आता जॅझ 'कला' झाली, लोक खुर्चीत बसून ऐकू लागले. पण १९४४ साली अमेरिकन सरकारने नाचगाण्याच्या जागांवर ३० टक्के कर बसवला आणि पुढे तो २० टक्के ठेवला, हे कुणी सांगत नाही. नाच बंद ठेवला, गाणारा नसला, तर कर वाचायचा. म्हणजे लोक खुर्चीत बसले त्यात कलेइतकाच करवसुलीचाही हात होता!

पार्कर मला लुईइतकाच मोठा वाटतो. गोऱ्यांना सहज उचलता येणार नाही अशी भाषा त्या पोरांनी घडवली. पण त्याच वर्षांत लुई जॉर्डन नावाचा सॅक्सोफोनवाला पाच-सात जणांचा बँड घेऊन काळ्या वस्त्यांतल्या प्रत्येक ज्यूकबॉक्समध्ये वाजत होता. तो जॅझच्याच बँडमधून आलेला, आणि रॉक अँड रोलचा पाया त्याने घातला. जॅझच्या पोथीत त्याला बहुधा तळटीप मिळते. का? तर लोक त्याच्या गाण्यावर नाचायचे, हसायचे. लोक आले की कला बाटते, हा कायदा कुणी केला?

माइल्सचंही तेच झालं. त्याची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी १७ ऑगस्ट १९५९ ला बाजारात आली. आज ती शौकिनांच्या देव्हाऱ्यात आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर तो सिगारेट ओढत उभा होता. बाहेर पाटीवर त्याचंच नाव. पोलिसाने हटकलं आणि डोकं फुटेपर्यंत मारलं. देव्हाऱ्यात बसवणारे त्या रात्री फुटपाथवर कामाला आले नाहीत. पुढे १९७० साली त्याने विजेची वाद्यं घेऊन 'बिचेस ब्रू' काढली, १९७२ साली 'ऑन द कॉर्नर'. काळी तरुण पोरं जे ऐकतात त्यांच्यापर्यंत जायचं होतं त्याला. शौकिनांनी बोंब मारली, माइल्स विकला गेला. 'ऑन द कॉर्नर' मी पुन्हापुन्हा ऐकलीय. गुंतागुंतीची आहे, कंटाळवाणीही आहे काही ठिकाणी. पण पुढच्या काळातल्या रस्त्यावरच्या ठेक्याची चाहूल तिच्यात ऐकू येते.

लोकप्रिय ते सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. १९५६ साली पॅट बून या गोऱ्या पोराने लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' धुऊन-इस्त्री करून गायलं आणि ते यादीत मूळ गाण्याच्या वर चढलं. ते वाईट आहे. लोकप्रिय झालं म्हणून वाईट नाही, त्यातला दंगा काढून घेऊन ते विकलं म्हणून वाईट. मी तपासतो ते एवढंच: गाण्यात जीव आहे की काढून घेतलाय, आणि घडवणाऱ्याच्या हातात काय पडलं.

०००

कार्यकर्त्या दोस्तांशी माझं भांडण वेगळं आहे. त्यांना गाण्यात घोषणा लागते. बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट' त्यांना चटकन कळतं. झाडाला टांगून मारलेल्या काळ्यांचं गाणं. कोलंबियाने ते काढायला नकार दिला, १९३९ साली कमोडोर या छोट्या कंपनीने काढलं. चार्ल्स मिंगसने फॉबसची टर उडवणारं 'फेबल्स ऑफ फॉबस' रचलं. १९५९ च्या कोलंबियाच्या तबकडीवर ते शब्दांविना आलं, शब्दांसकट १९६० साली कँडिड या लहान कंपनीने रेकॉर्ड केलं. बोलणारं गाणं मोठ्या कंपनीला पचत नाही, हे यातून दिसतं.

पण जॉन कोल्ट्रेनचं 'अलाबामा' घ्या. १५ सप्टेंबर १९६३ ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांच्या बॉम्बने चार काळ्या मुली मारल्या. दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने हे वाजवलं. एक शब्द नाही. पियानो खाली नुसता घुमत राहतो, सॅक्सोफोन प्रेतापुढे उभं राहून बोलल्यासारखा सावकाश बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो. मध्येच ठेका येतो आणि मोडतो. घोषणा संपल्यावर, सभा उठल्यावर, घरी जाऊन माणसाच्या आत जे उरतं ते यात आहे. त्यालाही विद्रोह म्हणायला शिकलं पाहिजे. नाहीतर आपली समीक्षा म्हंजे शब्द मोजायचा काटा होऊन बसेल.

०००

आता सगळ्यात नाजूक जागा. सोवळं फक्त गोरेच नेसतात असं नाही.

१९६५ साली पुलित्झरच्या परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टनला खास सन्मान द्यावा अशी शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली. एलिंग्टन तेव्हा सहासष्ट वर्षांचा. सन्मान दिला १९९९ साली, तो मरून पंचवीस वर्षं झाल्यावर. १९९७ साली विन्टन मार्सालिसला जॅझसाठी पहिलं पुलित्झर मिळालं. न्यू ऑर्लिन्सचाच काळा माणूस. ट्रम्पेटवर असा हात की पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि जॅझ, दोन्हींत ग्रॅमी एकाच वर्षी घेतलेला. आणि २०१८ साली तेच पारितोषिक केंड्रिक लमार या रॅपरला मिळालं, तेव्हा पुढच्याच महिन्यात मार्सालिसने काय म्हणावं? रॅप हे काळ्यांचं नुकसान करण्यात गुलामशाहीच्या सेनापतीच्या, रॉबर्ट लीच्या, पुतळ्यापेक्षाही पुढे आहे, अशा अर्थाचं बोलला.

त्याच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. बायकांना शिव्या देणारं रॅप मीही खपवून घेणार नाही. पण मग जॅझचं घर तरी कुठे धुतलेलं होतं? माइल्सने बायकांवर हात टाकला, १९८९ च्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितलंय. दोष माणसाचा असेल तर माणसाला धरा. अख्ख्या संगीताला वाळीत टाकायचा अधिकार कुठून आला? हार्लेमच्या दारावर जे उभे असायचे त्यांची जागा आपल्यातल्या कुणी घ्यावी, यासारखं दुःख नाही.

याच्या उलट मॅक्स रोच बघा. पार्करच्या जोडीने वाजवलेला ढोलवाला, १९६० साली 'फ्रीडम नाऊ सूट' रचणारा, सोवळं नेसायचा पहिला मान त्याचा. पण १९८३ साली, साठीला टेकलेला असताना, तो ब्रॉन्क्सच्या वाटेने आलेल्या हिप-हॉपच्या पोरांबरोबर न्यूयॉर्कच्या मंचावर वाजवायला बसला. हातात वाद्य नसलेल्या पोरांनी जुन्या तबकड्या आणि तोंड यांतूनच संगीत काढलं, हे त्याला कळलं, कारण त्याचे पूर्वज तेच करत आले होते. १९९१ साली रॉन कार्टर, म्हणजे माइल्सचा जुना बेसवाला, 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या रॅप मंडळींच्या तबकडीवर वाजवला. २०१५ च्या केंड्रिकच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'वर कमासी वॉशिंग्टन आणि रॉबर्ट ग्लास्पर हे जॅझवाले आहेत. नदी वाहतेच आहे. काठावर बसून कुणी तिला सोवळ्यात घ्यायचं म्हटलं तर ती काय ऐकणार!

०००

शेवटी मुंबईचं. 'हॉटेलातलं संगीत' म्हणणाऱ्या दोस्ताला अर्धंच ठाऊक आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी काळ्या वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड १९४५ साली कलकत्त्यात मेला, परत गेला नाही. मायदेशात ज्या दारातून आत घेत नव्हते, तसल्या दारात ते इथे साहेबांना आणि संस्थानिकांना नाचवत होते. त्यांच्याकडून गोव्याचे वादक शिकले आणि पोटासाठी हिंदी सिनेमात गेले. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे होता, १९५१ च्या 'अलबेला'तला पितळी दंगा कानावर घ्या म्हणजे कळेल. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ लिहायचा. असल्या माणसांची नावं सिनेमाच्या पाटीवर क्वचितच आली. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला १९७७ साली एका विनोदी गाण्यामुळे पाठ झालं. तो प्यारेलालचा व्हायोलिनचा गुरू होता हे किती जणांना माहीत? आपल्या चाळीतल्या वरातीत जो ठेका वाजतो, त्यातही या माणसांची फुंकर आहे.

तेव्हा दोस्तांनो, जॅझ परका नाही आणि देव्हाऱ्यातलाही नाही. एवढं करा. 'वेस्ट एंड ब्लूज', 'अलाबामा' आणि 'टू पिंप अ बटरफ्लाय' एका बैठकीत ऐका. मध्ये कुणाला व्याख्यान देऊ देऊ नका, मलासुद्धा. मग ठरवा यातलं शुद्ध कोणतं आणि बाटलेलं कोणतं. ठरवता आलं तर इथेच लिहा, भांडू.